केसपेपर वाचणारी माणसं

‘जी थ्री, पी टू, एल वन, ए झिरो.’ गरोदर बाईच्या कार्डावर पहिल्या तपासणीलाच ही ओळ लिहिली जाते. जी म्हणजे आतापर्यंत कितव्यांदा दिवस गेले. पी म्हणजे बाळंतपणं किती झाली. एल म्हणजे आज हयात मुलं किती, आणि ए म्हणजे किती वेळा गर्भ पडला किंवा पाडला. वाचायची सवय असलेल्या सिस्टरची नजर सगळ्यात आधी पी आणि एल यांच्यातल्या फरकावर जाते. बाळंतपणं दोन, मूल एक. दुसरं कुठे गेलं? पोटातच गेलं, जन्मल्यावर तासाभरात गेलं, की चालायला लागल्यावर पावसाळ्यातल्या न्यूमोनियात गेलं, हे त्या ओळीत नसतं. ते विचारावं लागतं. विचारायला वेळ असलेली सिस्टर आणि नुसती रकाने भरणारी सिस्टर यांच्यातला फरक इथेच कळतो.

कळवण नाशिकहून वणी-नांदुरीमार्गे साधारण पाऊणशे किलोमीटरवर आहे. सप्तशृंगीचा गड याच तालुक्यात, गिरणेवरचं चणकापूर धरणही इथलंच. पेठ आणि सुरगाण्याप्रमाणे हा अख्खा तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येतो. पूर्वेकडे कांदा आणि अहिराणी वळणाची बोली, पश्चिमेकडे डोंगर चढत गेलं की कोकणा आणि भिल्लांच्या वस्त्या. अभोणा, कनाशी, दळवटकडून आलेली माणसं बाजाराच्या दिवशी ओपीडीसमोर रांगेत बसली की तीन बोली सहज कानावर पडतात. खिडकीतून मिळणारा कागद मात्र चौथ्याच भाषेत असतो. तिला इंग्रजी म्हणणंही फारसं खरं नाही. तीत मोडकं लॅटिन आहे, सरकारी योजनांची आद्याक्षरं आहेत, परदेशी शास्त्रज्ञांची आडनावं आहेत, आणि कंपाउंडरांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत केलेले उच्चार आहेत.

आरोग्यखात्याची उतरंडच आद्याक्षरांची. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. सपाटीवर हेच आकडे ५,००० आणि ३०,००० होतात. त्यावर आरएच, म्हणजे ग्रामीण रुग्णालय. त्यावर एसडीएच, म्हणजे कळवणचं उपजिल्हा रुग्णालय. पण रक्तगटाच्या चिठ्ठीवरचं आरएच वेगळं, आणि कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली साकळलेल्या रक्तालाही डॉक्टर एसडीएचच म्हणतात. मोटरसायकलवरून पडलेल्या पोराला एसडीएचमधून एसडीएचच्या संशयावरून नाशिकच्या सिव्हिलला पाठवलं, या वाक्यात खात्यातल्या कुणालाच काही गमतीचं वाटत नाही. एमएलसी म्हणजे विधान परिषदेचे आमदार नव्हेत, पोलिसांना कळवावी लागणारी केस. ‘पीएम झालं का?’ हा प्रश्न दिल्लीबद्दल नसतो, शवविच्छेदनाबद्दल असतो. पीआयडी हा स्त्रीरोगतज्ज्ञाच्या लेखी ओटीपोटातला जंतुसंसर्ग आणि हाडांच्या डॉक्टरच्या लेखी मणक्यातली सरकलेली चकती. ज्याला संदर्भ माहीत आहे त्याचं यातून काही अडत नाही. संदर्भ माहीत नसलेला माणूस त्या साखळीत एकच असतो, आणि कागद नेमका त्याच्याच पिशवीत असतो.

गोळ्यांच्या वेळा लॅटिनमधून आल्या. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे निजताना, स्टॅट म्हणजे आत्ता, या क्षणी. दम्याच्या म्हाताऱ्याच्या कागदावर औषधापुढे ‘बीडी’ लिहिलेलं असतं आणि तोंडी सल्ला असतो बिडी सोडायचा. पण तो विनोद आता जुना झाला. सगळ्यात मजेशीर आहे एसओएस. जगाला ही अक्षरं बुडत्या जहाजाची हाक म्हणून माहीत आहेत. १९०६ च्या बर्लिनमधल्या आंतरराष्ट्रीय करारानं तो संकेत ठरवला. डॉक्टरच्या कागदावर त्याच अक्षरांचा अर्थ होतो ‘लागलं तर घ्या’. एकीकडे जिवाच्या आकांताचा संकेत, दुसरीकडे दुखलं तर बघू. थोडं इंग्रजी शिकलेला नातेवाईक घरात असेल, तर ही गोळी सगळ्यात महत्त्वाची आहे असं समजून तो ती नेमानं खायला घालतो.

हल्ली बरेच डॉक्टर १-०-१ असं लिहितात: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आद्याक्षरांपेक्षा हे कितीतरी बरं. मेडिकलवाला तेच पाकिटावर पेनानं पुन्हा लिहितो आणि तोंडानं सांगतो, ‘जेवल्यावर हां.’ या एका वाक्यात त्यानं लॅटिनचं मराठी केलेलं असतं. तरी १-१-१ मधला दुपारचा आकडा गोत्यात येतोच. कांद्याच्या लागणीला किंवा काढणीला गेलेली बाई दुपारी शेताच्या बांधावर असते आणि गोळ्या घरी डब्यात असतात. तीनदा लिहिलेलं औषध दोनदाच पोटात जातं. कागदावरचा दिवस घरी बसणाऱ्या माणसाचा असतो. डॉक्टरनं दोन वेळांचं औषध देता येईल का एवढा विचार केला, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. काही डॉक्टर तो करतातही.

लघुरूपं नुसती गैरसोयीचीच आहेत असं नाही, ती घातकही ठरतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ पासून काही लघुरूपांवर बंदीच घातली. इन्सुलिनच्या ‘युनिट’साठी एकटं इंग्रजी ‘यू’ अक्षर लिहायचं नाही, कारण घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. पूर्णांकापुढे दशांशचिन्ह आणि शून्य द्यायचं नाही, कारण टिंब पुसट झालं की ५.० चे ५० होतात. अर्धा लिहिताना टिंबाआधी शून्य द्यायचंच. ‘एमएस’ लिहायचं नाही, कारण ते मॉर्फिन सल्फेटही असतं आणि मॅग्नेशियम सल्फेटही. ही यादी अमेरिकेतली असली तरी पुसट टिंब आणि घाईतलं अक्षर जगभर सारखंच.

मॅग्नेशियम सल्फेटचं नाव निघालं म्हणून या भाषेची दुसरी बाजूही सांगायला हवी. गरोदरपणात रक्तदाब चढून बाईला झटके येऊ लागले, की पीएचसीवर पहिलं काम असतं ‘मॅगसल्फ’चं. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, आणि लगेच पुढे रवानगी. एकशे आठ बोलावलेली असते. (ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिचा नंबर हेच तिचं नाव झालं आहे, बाळंतिणींची ती एकशे दोन.) सोबत द्यायच्या चिठ्ठीवर पाच-सहा ओळी: किती आठवडे, बीपी किती, लघवीत प्रथिनं किती, एफएचएस म्हणजे बाळाचे ठोके किती, मॅगसल्फ किती आणि किती वाजता. ही चिठ्ठी लांबलचक सुंदर मराठीत लिहायला कुणी बसलं तर मीच त्याला हात जोडीन. पुढच्या दवाखान्यात ती ज्याच्या हातात पडते त्याला दहा सेकंदांत सगळं कळतं, आणि दिलेलं औषध चुकून पुन्हा दिलं जात नाही. तिथे लघुरूप जीव वाचवतं.

सर्पदंशाचंही तसंच. पावसाळ्यात, भाताच्या आवणीच्या दिवसांत, चावलेला साप कोणता हे बहुतेकांना सांगता येत नाही. तेव्हा कामी येते ‘ट्वेंटी डब्ल्यूबीसीटी’. नाव भारदस्त, कृती साधी. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलं आहे आणि एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचा उतारा, ताबडतोब सुरू करायची. नाग आणि मण्यार या चाचणीत सापडत नाहीत. तिथे मिटत चाललेल्या पापण्यांकडे बघावं लागतं. फक्त या चाचणीपुढे कुणी ‘पॉझिटिव्ह’ लिहू नये. रक्त गोठलं हे पॉझिटिव्ह, की विष सापडलं हे पॉझिटिव्ह? ‘गोठलं नाही’ असे दोन शब्द लिहिले की वाद मिटतो.

काही लघुरूपं तर वस्तीवरच्या बायांनी कधीच आपलीशी केली आहेत. बीसीजी म्हणजे काय हे कुणाही आईला विचारा. बॅसिलस काल्मेट-गेरँ हे तिला सांगता येणार नाही (कित्येक डॉक्टरांनाही धड उच्चारता येणार नाही), पण ती बाळाच्या डाव्या दंडावरचा वण दाखवील. पेंटा म्हणजे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं इंजेक्शन. एचबी म्हणजे अंगातलं रक्त. ‘एचबी किती भरलं?’ हा प्रश्न आता घरात सासूही विचारते. गरोदरपणी ते ११ च्या खाली गेलं तर कमी आणि ७ च्या खाली गेलं तर धोका, हे आकडे तिला पाठ असतात. अंगणवाडीत सॅम आणि मॅम हे शब्द सहज फिरतात. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर सॅम, म्हणजे तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारा असेल तर मॅम, म्हणजे मध्यम कुपोषण. टेपवर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे असतात, त्यामुळे अक्षर न वाचताही मूल कुठे आहे ते दिसतं. मुळात गावातल्या आरोग्य कार्यकर्तीचं ‘आशा’ हे नावही लघुरूपच. एनआरएचएम, म्हणजे ग्रामीण आरोग्य अभियान, २००५ मध्ये सुरू झालं तेव्हा दिल्लीत कुणी इंग्रजी शब्दांची जुळवाजुळव करून ते नाव पाडलं, आणि गावानं त्याला ‘ताई’ जोडून टाकलं. पुढे एनआरएचएमचं एनएचएम झालं, टीबीच्या कार्यक्रमाचं, आरएनटीसीपीचं, २०२० मध्ये एनटीईपी झालं, धनुर्वाताच्या टीटीची जागा टीडीनं घेतली. फलक पुन्हा रंगले. बाया अजून ‘टीटी घेतली’ म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

लोकांना लघुरूपांचं वावडं नाही, असा याचा अर्थ. ज्या अक्षरांमागची गोष्ट कुणीतरी दाखवून दिली, ती त्यांनी उचलली. नुसती कागदावर फेकली ती कागदावरच राहिली.

दाखवून देण्याचं काम किती बारकाईनं करता येतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा अहवाल आला, तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा जवळपास ६२ टक्क्यांनी घटले होते. त्यातून एचबीएनसी हे लघुरूप देशभर गेलं आणि २०११ पासून आशांच्या कामाचा भाग झालं. त्या कामातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट अशी की ‘सेप्सिस’ हा डॉक्टरी शब्द तिथे गावातल्या बाईला ओळखता येतील अशा खुणांमध्ये फोडला गेला: बाळाचं रडणं मंदावलं, दूध ओढणं कमी झालं, हातपाय लुळे पडले. मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. सेप्सिस हा शब्द न उच्चारताही सेप्सिस ओळखता येतो.

कळवणसारख्या भागात उलटा प्रवासही रोज होतो: बाईच्या बोलण्यातून कागदावरच्या अक्षरांकडे. एलएमपी, म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख, कार्डावर लिहिल्याशिवाय ईडीडी, म्हणजे बाळंतपणाची तारीख, काढता येत नाही. नेगेले नावाच्या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावानं चालत आलेला हिशोब सोपा आहे, नऊ महिने आणि सात दिवस पुढे. पण बाईला तारीख आठवत नसते, सण आठवतो. पोळ्याच्या आधी, घट बसले तेव्हा, डोंगऱ्यादेवाच्या पुनवेला. मग आशाताई किंवा एएनएम भिंतीवरचं कॅलेंडर उलटं चाळते, मार्गशीर्षाची पौर्णिमा कधी होती ते बघते आणि तारीख टाकते. द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेली बाई चौथ्या-पाचव्या महिन्यात परत आली, तर हिशोब आणखी अवघड. कार्डावर शेवटी दिसतो तो एक कोरा ठाम आकडा. त्यामागची खटपट कुठेच नोंदली जात नाही.

आता एका अक्षराच्या फरकाबद्दल. सिकलसेलच्या तपासणीचा निकाल एए, एएस किंवा एसएस असा येतो. एए म्हणजे निरोगी. एएस म्हणजे वाहक: स्वतःला बहुधा काही त्रास नाही, पण दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो. एसएस म्हणजे आजार: हाडं फोडून काढणाऱ्या वेदना, रक्त कमी, वरचेवर दवाखाना, आयुष्यभराचं औषध. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ ही मुदत असं त्याचं उद्दिष्ट आहे. त्या वेळी केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या दिंडोरीच्या खासदार डॉ. भारती पवार, कळवणचे माजी आमदार ए. टी. पवार यांच्या सूनबाई आणि स्वतः डॉक्टर. तपासणी होते, कार्ड मिळतं. पण एएस आणि एसएस फोनवर सांगून बघा, डोंगरात रेंज तुटत असताना. ऐकणाऱ्याला दोन्हीकडे ‘एस’ ऐकू येतं. वाहक मुलीला आजारी समजून तिचं लग्न मोडू शकतं, आणि आजारी मुलाला ‘काही नाही, नुसतं वाहक आहे’ म्हणून औषधाविना ठेवलं जाऊ शकतं. दोन एएस माणसांचं लग्न झालं, तर प्रत्येक खेपेला मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक, एएस असण्याची चारात दोन आणि एए असण्याची चारात एक. हे गणित कार्डाच्या पाठीमागे मराठीत मोठ्या अक्षरांत असायला हवं, आणि ते लग्न ठरायच्या आधी मुलामुलींच्या हातात पडायला हवं. ‘वाहक’ आणि ‘आजारी’ हे पूर्ण शब्द लिहायला कार्डावर जागा पुरत नाही, हे मला पटत नाही.

काही अक्षरं मुद्दाम झाकण्यासाठी वापरली जातात. टीबी न लिहिता ‘कॉक्स’ लिहायचं, कुष्ठरोगाऐवजी ‘हॅन्सन्स’, एचआयव्हीऐवजी ‘आरव्हीडी’, कर्करोगाऐवजी नुसतं ‘सीए’. शेजारी उभ्या माणसाला कळू नये हा यातला चांगला हेतू. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे: रुग्णाच्या संमतीविना ही माहिती उघड करता येत नाही. वस्तीवर एकाच्या कागदातलं दहाजणांना कळतं, तिथे हा पडदा लागतोच. पण शेजाऱ्यापासून झाकता झाकता तो रुग्णापासूनही झाकला जातो. ‘कॉक्स’चा अर्थ न कळलेला माणूस दोन महिन्यांत खोकला थांबला की गोळ्या सोडतो, आणि टीबी औषधाला दाद न देणाऱ्या रूपात परत येतो. त्याला बाजूला घेऊन एकदा ‘तुला टीबी आहे, सहा महिने गोळ्या सोडायच्या नाहीत’ एवढं सांगितलं, तर कागदावर काहीही लिहा.

आणि मग डामा. डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अॅडव्हाइस, डॉक्टरचा सल्ला डावलून रुग्ण घेऊन गेले. नातेवाइकाची सही किंवा अंगठा घेतला की दवाखाना कायद्यानं मोकळा. का नेलं, याला त्या चार अक्षरांत जागा नाही. घरी दोन लहान मुलं एकटी होती, कांदा शेतात पडून होता, सिव्हिलला गेल्यावर राहायचं कुठे आणि खायचं काय हे कुणी सांगितलं नाही, भगताला एकदा दाखवायचं होतं. यातलं काहीही असू शकतं. दर डामापुढे कारणाची एक ओळ सक्तीची केली, तर वर्षाअखेरीस तालुक्याला आपल्या आरोग्यसेवेबद्दल जे कळेल ते कुठल्याही पाहणीतून कळणार नाही.

या सगळ्याचा भार शेवटी येतो आशाताईवर. ती आठवी-दहावी शिकलेली, त्याच वस्तीवरची. कागद पिशवीतून काढून तिच्यापुढेच धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये भारतातल्या आशांचा गौरव केला, तो रास्तच होता. पण तिच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक ठरतो, आणि केसपेपर वाचून समजावण्याला त्या यादीत ओळ नाही. मेडिकलवाला, सिस्टर आणि आशा यांनी हा अनुवाद फुकट केला नाही, तर अर्ध्या गोळ्या घरातल्या डब्यातच राहतील.

नियम नाहीत असं नाही. औषधांची नावं जेनेरिक, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असं मेडिकल कौन्सिलनं सप्टेंबर २०१६ मध्ये सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानं वाचता येईल असा औषधाचा कागद हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या आरोग्यहक्काचा भाग मानला. पण सुवाच्य अक्षरातलं ‘टीडीएस’ही टीडीएसच राहतं. छापील कागद आले तेव्हा अक्षर सुधारलं, भाषा तीच राहिली. सगळी लघुरूपं हद्दपार करा, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. डॉक्टरनं डॉक्टरसाठी लिहिलेल्या कागदावर ती खुशाल राहू देत. रुग्णाच्या हाती जाणाऱ्या दोन कागदांवर, म्हणजे औषधाच्या चिठ्ठीवर आणि डिस्चार्ज कार्डावर, मात्र ती नकोत. महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. राज्यातल्या भावी डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड मराठीत लिहायला लावणारी एक परीक्षा त्यानं घ्यावी. कळवणपासून ते काही लांब नाही.

तोवर वाचकांसाठी एवढंच. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं मागणी केली, की कागदपत्रं ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. घरातलं माणूस दवाखान्यातून सोडताना काउंटर सोडण्याआधी तीन गोष्टी मराठीत लिहून मागा: आजार कोणता, कुठली गोळी कधी आणि किती दिवस, आणि काय झालं तर लगेच परत यायचं. तुम्ही शिकलेले असाल, तर रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाचा कागदही वाचून द्या.